चालकाची साखर आणि आपला प्रवास

अध्यक्षमहाराज, व्याख्यानमालेचे चालक आणि बंधुभगिनींनो,

चालक हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. या मालेच्या चालकांनी मला पत्र पाठवले आणि ज्या चालकांमध्ये माझे आयुष्य गेले त्यांच्याविषयी बोला, असे सुचवले. दोन्ही चालकांची जबाबदारी एकच आहे. बसलेल्या मंडळींना सुखरूप मुक्कामी पोचवावयाचे. मी आज बोलणार आहे तो मोटार चालवणाऱ्या माणसाविषयी. आणि त्यातही ज्याला मधुमेह आहे व जो रोज सकाळी इन्शुलिनची सुई टोचून घेऊन मग स्टेअरिंगवर बसतो, त्याच्याविषयी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वर्कशॉपमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. आजाराची पुस्तके मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, आणि जे उमगले नाही ते डॉक्टरांच्या दारात बसून विचारून घेतले. म्हणून माझ्या भाषणावरून कोणी आपल्या औषधाची मात्रा बदलू नये. ते काम डॉक्टरांचे. पण चालकाचा दिवस कसा उगवतो व कसा मावळतो, त्याचा डबा केव्हा उघडतो, आणि साहेबापासून तो काय लपवतो, हे मात्र मी अधिकाराने सांगू शकतो.

हा विषय चार-दोन माणसांचा आहे असे समजू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे आपल्या देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. प्रौढांत शेकडा 11.4. म्हणजे साधारण नऊ प्रौढांत एक. यांतले सगळेच इन्शुलिन घेत नाहीत, पुष्कळांचे गोळ्यांवर भागते. परंतु बस, ट्रक, रिक्षा, टॅक्सी चालवणारा माणूस या हिशेबाबाहेरचा थोडाच आहे? उलट बारा-बारा तास बैठे काम, अवेळी जेवण, ढाब्यावरचे तळलेले खाणे आणि अपुरी झोप हे त्याच्या नशिबी अधिक.

आता रोगाचे स्वरूप थोडक्यात. आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात मिसळते. ही साखर म्हणजे शरीराचे इंधन. पण इंधन टाकीत असून भागत नाही, ते इंजिनात जावे लागते. रक्तातली साखर शरीराच्या कामी यावयाची तर इन्शुलिन नावाचा रस लागतो, आणि तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. काही जणांत हा रस तयार होणेच बंद पडते. तो पहिल्या प्रकारचा मधुमेह, बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी जडणारा. बहुसंख्य रोग्यांत रस असतो, पण त्याचा अंमल नीट चालत नाही, आणि वर्षे लोटतात तसा तो कमीही पडू लागतो. हा दुसऱ्या प्रकारचा. पहिल्या प्रकारात इन्शुलिन बाहेरून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या प्रकारात गोळ्यांनी भागेनासे झाले म्हणजे सुई येते.

या सुईचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी हा रस वेगळा काढण्यात यश मिळवले, आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला तो प्रथम टोचला गेला. त्यापूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल थोड्याच काळात दगावत असे. पुढे 1923 साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी या शोधाचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघा एक डॉलर घेऊन देऊन टाकले. ज्या औषधाच्या जन्माशी एवढे औदार्य जोडलेले आहे, ते औषध घेतो म्हणून एखाद्या गरिबाची भाकरी जावी, याचे मला फार वैषम्य वाटते.

मग धोका कोठे आहे? तो असा आहे. निरोगी माणसाचे स्वादुपिंड हुशार कारागिरासारखे असते. जेवण आले की रस सोडते, जेवण नसले की हात आखडते. सुईतले इन्शुलिन तसे नाही. एकदा टोचले की तुम्हाला जेवण मिळो न मिळो, ते आपले काम करीतच राहते. जेवण चुकले की रक्तातली साखर खाली, आणखी खाली जाते. एका डेसिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली म्हणजे ती कमी झाली असे डॉक्टर मानतात, आणि 54 च्या खाली गेली म्हणजे गंभीर. प्रथम हात कापतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात भुकेचा खड्डा पडतो. ही शरीराने वाजवलेली घंटा. ती ऐकली नाही तर पुढची पाळी मेंदूची. मेंदू चालतो मुख्यतः साखरेवर. ती मिळेनाशी झाली की नजर धुरकट होते, जीभ जड होते, माणूस उगाच चिडतो, विचारले एक तर उत्तर देतो दुसरे, आणि शेवटी शुद्ध हरपते.

हे सारे घरात घडले तर बायको साखरपाणी पाजते आणि भागते. पण हेच पन्नास उतारू घेऊन घाट उतरताना घडले तर?

आमच्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. कुंभार्ली घाटातली फेरी होती. गाडी वळणावर नेहमीपेक्षा बाहेरून जाऊ लागली, गिअर चुकू लागला. वाहक अनुभवी होता. त्याने पुढे जाऊन विचारले, तर चालकाने त्याला न शोभणारी शिवी हासडली. दहा वर्षांत ज्याच्या तोंडून वावगा शब्द ऐकला नाही तो शिवी देतो, म्हणजे काही तरी बिघडले आहे, हे वाहकाने ओळखले. गोड बोलून त्याने गाडी कडेला घेववली, एका उतारूजवळच्या सरबताची बाटली त्याच्या तोंडाला लावली, आणि पंधरा-वीस मिनिटांत तो गृहस्थ भानावर आला. आपण काय बोललो याची त्याला आठवणही नव्हती. आता पुढचे ऐका. उतारूंपैकी कोणी तरी तक्रार केली की चालक प्यालेला होता. मालकाने विचारपूस न करता त्याला घरी बसवले. दारूचा थेंब त्याने आयुष्यात घेतला नव्हता. आमच्या संघटनेला त्याची साखर, त्याची सुई, त्याच्या डॉक्टरांचा कागद पुढे करून त्याला निर्दोष ठरवावे लागले, आणि त्यात तीन महिने गेले. साखर उतरलेला माणूस आणि प्यालेला माणूस हे बाहेरून सारखेच दिसतात, ही गोष्ट आपण सर्वांनी कायमची ध्यानात ठेवावी.

त्या दिवशी नेमके काय झाले होते? आपल्याकडे पुष्कळांना जे मिश्र इन्शुलिन देतात, त्याची सुई सकाळी व संध्याकाळी अशी दोनदा असते. त्यातला एक भाग लवकर काम करून न्याहारीची सोय लावतो, आणि दुसरा सावकाश चढत दुपारच्या सुमारास जोरात येतो. म्हणजे सकाळी सातला सुई घेतली तेव्हाच दुपारच्या जेवणाची वेळ ठरून गेली! साहेबांनी घरी एक वाजता जेवण घेतले, त्यांचे गणित जमले. चालकाची गाडी मात्र वाटेत अडकली, टायर बसला, पुढच्या फेरीला उशीर नको म्हणून त्याने डबा न उघडताच गाडी काढली. सुईला हे ठाऊक नसते. उरणच्या बाजूला बंदरातल्या कंटेनरच्या रांगेत तासन्‌तास अडकून पडणारा ट्रकवाला, हमाल मिळाला नाही म्हणून स्वतः पोती उतरवणारा टेंपोवाला, एकादशीचा किंवा रमजानचा उपास धरून गाडीवर आलेला चालक, या सर्वांची गोष्ट एकच आहे. श्रम केले की साखर उतरते, उपासाने उतरते, आणि दारूने तर फसवून उतरते, कारण यकृत जी साखर अडीअडचणीला सोडते तिलाच दारू अडवते, तीही पुढे कित्येक तास.

आणखी एक बारकावा सांगतो. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या आणि वारंवार साखर उतरणाऱ्या माणसाला ती घामाची, थरथरीची घंटा ऐकूच येईनाशी होते. तो धडधाकट दिसतो, आणि एकदम मेंदूच जवाब देतो. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही छातीची धडधड झाकली जाते. असा माणूस सर्वांत धोक्याचा. आणि त्याला स्वतःला तो धोका कळत नाही. शिवाय हे संकट सुईवाल्यांचेच नव्हे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांनीही साखर फार उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ही भीती बहुधा नसते. आपली गोळी कोणत्या जातीची, हे प्रत्येक चालकाने डॉक्टरांना सरळ विचारावे.

साखर चढली तरीही गाडीला उपद्रव असतोच. नजर अंधूक होते, ग्लानी येते, घडोघडी लघवीला थांबावे लागते आणि चालक तहानेने व्याकूळ होतो. इन्शुलिन नव्याने सुरू झाल्यावर काही आठवडे चष्म्याचा नंबर हलल्यासारखा होतो. तेवढे दिवस गाडी चालवावी की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जुन्या मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो आणि पायाची जाणीव बोथट होते. ब्रेकवर पाय किती दाबला हे ज्याला तळव्याला कळत नाही, त्याने इंजिनाविषयी कितीही ज्ञान मिळवले तरी काय उपयोग? म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घेणे ही चालकाच्या बाबतीत चैन नव्हे.

आता उपाय. ब्रिटनमध्ये वाहन परवाने देणाऱ्या सरकारी खात्याने इन्शुलिन घेणाऱ्या चालकांसाठी नियम घालून दिले आहेत. ते मला अत्यंत व्यवहारी वाटतात. आपल्याकडे वापरतात त्या मापात ते मांडतो.

पहिला नियम: गाडीवर बसण्यापूर्वीच्या दोन तासांत एकदा, आणि गाडी चालवत असेपर्यंत दर दोन तासांनी, साखर पाहावयाची. दुसरा: आकडा 90 किंवा त्याहून खाली असला तर काही खाऊन घ्यावयाचे, 72 च्या खाली असला तर गाडी चालवावयाचीच नाही. तिसरा: गाडीत हाताशी साखर ठेवावयाची. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा: वाटेत साखर उतरल्यासारखे वाटले तर ‘आता पुढच्या गावी थांबू’ असे म्हणावयाचे नाही. गाडी सुरक्षित जागी उभी करावयाची, इंजिन बंद करून किल्ली काढावयाची, चालकाची जागा सोडून बाजूला बसावयाचे, साखर खावयाची, आणि आकडा पुन्हा 90 च्या वर आल्यानंतरही पाऊण तास गाडी हलवावयाची नाही. पाऊण तास कशासाठी, असे आमचे लोक विचारतात. कारण रक्तातली साखर आधी सावरते आणि मेंदू मागाहून. माणसाला वाटते मी ठीक आहे, पण समोर आडवे आलेले गुरू पाहून ब्रेक दाबण्यात त्याला उशीर होतो.

साखर म्हणजे काय खावयाचे हेही नीट समजून घ्या. साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळून प्यावी, किंवा तेवढीच ग्लुकोजची पूड घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. मग बिस्किटे, पोळी, केळे असे पोटात राहणारे काही खावे. पेढा किंवा चॉकलेट यावर विसंबू नये. त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू आहे त्यांनी ग्लुकोजच ठेवावे, कारण त्या गोळीमुळे घरची साखर पचावयास वेळ लागतो. आणि माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवावे आणि तडक दवाखान्यात न्यावे.

एक शब्द औषधाच्या जपणुकीविषयी. न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावयाचे असते. वापरात असलेली कुपी सावलीत, थंडाव्यात साधारण चार आठवडे टिकते. वैशाखात विदर्भातल्या ट्रकच्या केबिनमध्ये काय तापमान असते ते मी आपणास सांगावयास नको. इंजिनाशेजारी ठेवलेले इन्शुलिन निकामी होते आणि मग साखर का चढते हे कोणालाच कळत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेले छोटे मातीचे मडके यावर चांगले काम देते. नळीत पाणी शिरू नये एवढी काळजी घ्यावी.

इथवर मी चालकाला उपदेश केला. पण केवळ उपदेश करणे हे माझ्या धंद्याला शोभत नाही. दर दोन तासांनी रक्त तपासा, वेळेवर जेवा, थांबा, असे मी म्हणालो. हे सारे त्याच्या हातात आहे काय?

तपासणीच्या एका पट्टीला साधारण पंधरा-वीस रुपये पडतात. दहा तासांच्या पाळीत पाच पट्ट्या, म्हणजे रोजचे पाऊणशे-शंभर रुपये केवळ बोट टोचण्याचे. हा खर्च चालकाने पोराच्या वह्यांतून काढावयाचा काय? गाडीच्या टायरची हवा तपासण्याचा खर्च मालक करतो, ब्रेकचे तेल मालक घालतो; मग ज्या हातांत ती गाडी आहे त्याच्या रक्ताची तपासणी हा गाडीच्या देखभालीचाच भाग का मानू नये?

जेवणाचे तसेच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सांगितले होते की, सलग पाच तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही आणि त्यानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावयाची. दिवसाचे आठ तास, लांब पल्ल्याला दहा. शंभर कामगार जेथे कामावर येतात तेथे उपाहारगृह, आणि मुक्कामी विश्रांतीची खोली. हा कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत सामावला गेला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी पोटाचे घड्याळ बदलत नाही. तो अर्धा तास आमच्या आधीच्या पिढीने आळशीपणा करावयाला मागितला नव्हता. ज्याने सकाळी सुई घेतली आहे त्याच्यासाठी तो अर्धा तास औषधाचाच एक डोस आहे. वेळापत्रक आखणाऱ्या बाबूने हे समजून घ्यावे. जेवणाची सुट्टी कागदावर दाखवून प्रत्यक्षात धावण्याच्या वेळेत गिळून टाकणारे वेळापत्रक हे नादुरुस्त ब्रेकइतकेच अपघाताला कारण होते.

आता परवान्याच्या कायद्याकडे वळू. परवान्यासाठी अर्ज करताना आपण प्रकृतीविषयी एक निवेदन भरून देतो. त्यात विचारलेले असते की, तुम्हाला अपस्मार आहे काय, कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपते किंवा घेरी येते काय, आणि ज्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा कोणता आजार आहे काय. मधुमेह हा शब्द त्यात नाही. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून तो परवाना पाच वर्षांचा असतो. पाच वर्षांत माणूस गोळीवरून सुईवर येतो आणि त्याची घंटा बंद पडते, तरी कोणी विचारीत नाही. मोटार वाहन कायद्याचे 186 वे कलम असे आहे की, आपल्याला धोकादायक आजार आहे हे ठाऊक असून जो गाडी चालवील त्याला दंड. पहिल्या वेळी हजार रुपये, पुढे दोन हजार. यातला ‘ठाऊक असून’ हा शब्द लक्षात घ्या. गरीब माणूस यातून कोणता धडा घेतो? तो म्हणतो, ठाऊकच करून घेऊ नये. रक्त तपासलेच नाही तर मला काय माहीत? नोकरी शाबूत, परवाना शाबूत.

मंडळी, माझ्या भाषणाचे सार येथे आहे. रस्त्यावरचा खरा धोका सुई नव्हे. लपवलेली सुई हा धोका आहे. माझ्या माहितीत असे चालक आहेत की जे आगाराच्या संडासात जाऊन इन्शुलिन टोचून घेतात. साखरेची पुडी खिशात ठेवतात, पण ती सर्वांसमक्ष खात नाहीत. एकाने तर ग्लुकोमीटर बायकोच्या पिशवीत ठेवला होता, कामावर सापडू नये म्हणून. ज्याच्यापासून रस्ता सुरक्षित व्हावयाचा ती वस्तू त्याने घरी ठेवली, कारण ती सापडली तर पोट जाईल अशी त्याला भीती. ही भीती ज्यांनी निर्माण केली त्यांनी आपण अपघात टाळतो आहोत असे समजू नये.

भीतीशिवाय हे जमते का? जमते. ब्रिटनमध्ये पूर्वी इन्शुलिन घेणाऱ्याला मोठ्या बस-ट्रकचा परवाना साधारणपणे मिळत नसे. 2011 च्या नोव्हेंबरपासून तो मिळू लागला, पण फुकट नव्हे. ज्यात आकडे साठून राहतात अशा यंत्रावरच्या नोंदी दाखवाव्या लागतात, साखर उतरण्याची जाणीव शाबूत असावी लागते आणि दरवर्षी तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी होते. अमेरिकेनेही 2018 साली, आंतरराज्य वाहतुकीच्या चालकांसाठी, तीन महिन्यांच्या नोंदी आणि उपचार करणाऱ्या वैद्यांचे प्रमाणपत्र यांवर हा मार्ग मोकळा केला. या देशांनी औषधाचे नाव पाहून माणूस बाद करणे सोडले आणि प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे पारखावयास सुरुवात केली. नोंदवही दाखवणाऱ्याला जेथे काम मिळते, तेथे लोक नोंदवही ठेवू लागतात, हा साधा मनुष्यस्वभाव आहे.

आता माझ्या संघटनेतल्या बांधवांनाही दोन कडू शब्द. प्रत्येक सभासदाला स्टेअरिंगवर टिकवणे हा आपला धर्म नव्हे. ज्याची घंटा बंद पडली आहे, ज्याची शुद्ध एकदा गाडीवर हरपली आहे, त्याला डॉक्टर ‘थांब’ म्हणत असतील तर आपण त्याच्या बाजूने मोर्चा काढावयाचा नाही. पन्नास उतारू हेही कामगारच आहेत, कामगारांची बायकापोरे आहेत. आपण मोर्चा काढावयाचा तो दुसऱ्या गोष्टीसाठी: त्याला स्टेअरिंगवरून उतरवताना रस्त्यावर उतरवू नका. त्याला वर्कशॉपमध्ये घ्या, नियंत्रणाच्या खिडकीत बसवा, नव्या पोरांना शिकवावयास ठेवा. पगार तोच ठेवा. हे स्वप्नरंजन नाही. तेलंगणातील परिवहन महामंडळाने रंगांधळेपणाच्या कारणाने एका चालकाला निवृत्त केले होते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पर्यायी काम द्यावयास सांगितले. आणि तसे सांगताना ज्या कागदाचा आधार घेतला तो होता 1979 साली संघटनेने व्यवस्थापनाबरोबर केलेला करार. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी कार्यकर्त्याने रात्री जागून एक कलम लिहवून घेतले, आणि ते त्या वेळी बहुधा कामावर नसलेल्या एका माणसाच्या उपयोगी पडले! मधुमेह हा कायद्याच्या दृष्टीने अपंगत्वाच्या यादीत नाही, त्यामुळे मधुमेही चालकाला त्या कायद्याचे छत्र सहजी मिळत नाही. म्हणूनच असे कलम आपल्या प्रत्येक करारात असले पाहिजे. नव्या संहितेत कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्यतपासणीची तरतूद आहे, ती स्वागतार्ह आहे. पण तपासणीच्या मागे पर्यायी कामाची हमी नसेल तर तिला चालक टाळतील, हेही तितकेच खरे.

शेवटी आपण नगरवासी. आपल्यापैकी पुष्कळांची स्वतःची मोटार वा स्कूटर आहे, आणि नऊ प्रौढांत एक हा हिशेब या मंडपालाही लागू आहे. जे चार नियम मी बसचालकाला सांगितले तेच आपल्यालाही. आपल्याला वेळापत्रकाचा बाबू नाही, मालक नाही. तेव्हा आपल्याला सबबही नाही. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत जेवण राहिले आणि तसेच गाडी घेऊन निघालो, असे करू नका. ज्यांच्या घरी पगारी चालक आहे त्यांनी त्याला एकदा मायेने विचारावे, ‘दादा, तुमचा डबा झाला का?’ आणि तो म्हणाला की मला सुई आहे, तर दुसऱ्या दिवशी नवा चालक शोधू नये. त्याच्या जेवणाची वेळ आपल्या कार्यक्रमात लिहून ठेवावी. बसमध्ये चालक घामाघूम झालेला, बरळणारा दिसला तर ‘प्यायला आहे’ असे ओरडण्याआधी गाडी थांबवावयास लावा, त्याला साखर द्या, आणि मग काय ती चौकशी करा. आणि एखादा चालक वाटेत गाडी कडेला घेऊन म्हणाला की, मंडळी, मला पाऊण तास थांबावे लागेल, तर घड्याळ दाखवून त्याच्यावर खेकसू नका. त्या पाऊण तासात तो आपला जीव आणि तुमचाही जीव राखत असतो.

   आपला प्रत्येक प्रवास सुखाचा होवो, आणि तो घडवून आणणाऱ्याला वेळेवर भाकरी मिळो, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.